पाच दिवसांत लिहिलेल्या बेचाळीस रात्री

देवळ्याहून चांदवडमार्गे नाशिकला उतरून पुढे नाशिकरोडला गेले, की मध्यवर्ती कारागृहाची भिंत दिसते. कोर्टकचेरीच्या कामासाठी आपल्या कसमादे भागातली माणसे नाशिकला नेहमी जातात. पण मराठी मुलांनी सर्वांत जास्त वाचलेले पुस्तक या भिंतीआड लिहिले गेले, हे पटकन कुणाच्या ध्यानात येत नाही.

गुरुवार, ९ फेब्रुवारी १९३३ रोजी साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहायला घेतली आणि सोमवारी, १३ तारखेला पहाटे हातावेगळी केली. सविनय कायदेभंगाच्या चळवळीतली शिक्षा चालू होती. दिवसा तुरुंगातले काम आणि रात्री, पहाटे लेखन. आदल्याच वर्षी धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचने त्यांनी उतरून घेतली होती. ते दुसऱ्याचे बोलणे होते. इथे मात्र स्वतःच्या घराची दुखरी गोष्ट सांगायची होती. पुस्तक १९३५ साली बाहेर आले.

त्याआधी मुलांसाठी मराठीत काही नव्हते असे नाही. सदाशिव काशिनाथ छत्रे यांचे ‘बाळमित्र’ १८२८च्या सुमारास आले. वासुदेव गोविंद आपट्यांचे ‘आनंद’ मासिक १९०६ साली निघाले आणि त्याने घराघरांत वाचणारी मुले तयार केली. पण या वाङ्मयाचा कल मुख्यतः बोध आणि करमणुकीकडे. घरावर जप्ती आली तर मुलाच्या मनाचे काय होते, हा प्रश्न मुलांच्या पुस्तकात विचारायची रीत नव्हती.

गुरुजींनी तो विचारला. पुस्तकातल्या एका रात्रीचे नावच ‘कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक’ असे आहे. सावकाराचा माणूस ओटीवर बसून अद्वातद्वा बोलतो, आणि आजवर घराबाहेर शब्द न काढलेली आई त्याला खडसावते. पुढे घराच्या जप्तीची दवंडी गावभर ढोल वाजवून फिरते, तेव्हा त्या घरातली पोरे कुठे तोंड लपवणार? १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले, त्यावर १८७९चा कायदा झाला, हे आपण इतिहासात शिकतो. कर्ज घरात शिरले की मीठ-तेलाचे कसे होते, हे मात्र इतिहासाच्या पुस्तकात नसते.

देवळ्याच्या बाजूला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. कांद्याचा भाव कोसळला, की चाळीतला माल आणि सोसायटीचा हप्ता यांवर घरात जे बोलणे होते, ते ओट्यावर अभ्यास करणारे पोर ऐकतच असते. आपण म्हणतो, ‘लहान आहे, त्याला काय कळतंय!’

दुसरा अवघड विषय जातीचा. ‘देवाला सारी प्रिय’ या रात्री एका म्हाताऱ्या महार बाईची लाकडांची मोळी खाली पडते. आई श्यामला ती उचलून तिच्या डोक्यावर द्यायला सांगते. पण घरी आल्यावर आंघोळ कर, असेही सांगते. काहींना ती आंघोळ खटकते. मला वाटते, ती गाळली नाही यातच गुरुजींचा खरेपणा आहे. आईला त्यांनी तिच्या काळापेक्षा मोठे करून दाखवले नाही. स्वतः ते पुढे गेले. पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून १ ते १० मे १९४७ असा त्यांनी उपवास केला.

तिसरा विषय मृत्यूचा. धाकटा भाऊ यशवंत जातो, शेवटी आई जाते. आणि श्याम घरी पोचतो तेव्हा सारे संपलेले असते. ‘फार रडकं पुस्तक आहे,’ अशी तक्रार पुष्कळ वर्षे ऐकतो आहोत. रडू पुष्कळ आहे, हे खरेच. कुठे कुठे ते जरा कमी चालले असते. पण आचार्य अत्र्यांनी १९५३ साली त्यावर चित्रपट काढला आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्याला मिळाले, ते लोकांना नुसते रडवल्याबद्दल नसावे. तेत्सुको कुरोयानागींचे ‘तोत्तोचान’ आपली मुले मराठीत हौसेने वाचतात. त्यातही पोलिओ झालेला यासुआकी जातो, विमानांच्या बॉम्बफेकीत लाडकी शाळा जळते. मुलांना हे पेलते. अडखळतो तो वाचून दाखवणारा.

म्हणून वेचक रात्री सांगायची आपली सवय. श्यामचे पोहणे सांगतो, पायांसारखेच मनही स्वच्छ ठेव म्हणणारी आई सांगतो. जप्तीच्या रात्री पाने भराभर उलटतो.

गुरुजींच्या चरित्राचेही आपण तेच केले आहे. २४ डिसेंबरला शाळाशाळांतून जयंती होते. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपले आयुष्य संपवले, हे भाषणात ‘निधन झाले’ एवढ्यावर आटोपते. मुलांना सारा तपशील द्यावा असे मी म्हणत नाही. पण ज्या भागात कर्जापायी शेतकऱ्याने असे पाऊल उचलल्याची बातमी मुले पेपरात वाचतात, तिथे एखादे पोर जयंतीच्या दिवशी हात वर करून विचारील, ‘सर, गुरुजी कशाने गेले?’ त्या वेळी सरांच्या हातात पुस्तक उघडेच असेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)