आयुक्त, सभागृह आणि मुंबईचा कारभार

क्रॉफर्ड मार्केटच्या प्रवेशद्वारावर, गजबजाटाच्या वर, दगडात कोरलेले शेतकरी आहेत. शिल्पांची कल्पना लॉकवूड किपलिंग यांची, इमारतीचा आराखडा विल्यम इमर्सन यांचा, साल 1869. खाली फळांच्या पेट्या उतरत असतात, हातगाड्या एकमेकींत अडकतात आणि मान वर करायला कोणाला सवड नसते. ही देखणी मंडई मुंबईच्या करदात्यांच्या पैशातून उभी राहिली. मात्र ती बांधावी की नाही, किती खर्चात बांधावी, हे ठरवण्यासाठी त्यांनी निवडून दिलेला एकही माणूस तेव्हा शहराच्या कारभारात नव्हता.

1865 च्या कायद्याने मुंबईचा कारभार ‘जस्टिस ऑफ द पीस’ या सरकारनियुक्त प्रतिष्ठितांच्या मंडळाकडे दिला आणि अंमलबजावणीची सारी सूत्रे एका आयुक्ताच्या हाती ठेवली. तो पहिला आयुक्त म्हणजे आर्थर क्रॉफर्ड. माणूस कामाचा होता. त्याने रस्ते रुंद केले, गटारे साफ करवली, कत्तलखाने शहरातून वांद्र्याला हलवले. पण त्याच साली कापसाच्या तेजीचा फुगा फुटला होता, सट्ट्यात घरेदारे बुडाली होती आणि क्रॉफर्डचा हात काही आखडेना. मंजुरीपेक्षा जास्त खर्च होत गेला. त्याला आवरणे जस्टिसांचे काम होते. त्यांतले अनेक जण बैठकांनाही फिरकत नसत.

1870-71 मध्ये करदाते चिडून उठले. आयुक्ताचे एकहाती राज्य संपवा आणि कारभार समितीकडे द्या, अशी मागणी झाली. या गदारोळात 29 नोव्हेंबर 1871 रोजी फ्रामजी कावसजी सभागृहात 26 वर्षांचा एक बॅरिस्टर निबंध वाचायला उभा राहिला. फिरोजशहा मेहता म्हणाले, दोष क्रॉफर्डपेक्षा जस्टिसांचा जास्त आहे. समितीच्या हाती कारभार दिला तर जबाबदारी कोणाचीच राहणार नाही. आयुक्त एकच असावा, समर्थ असावा, पण त्याला जाब विचारणारे सभागृह करदात्यांनी निवडलेले असावे. श्रोत्यांना हे मुळीच रुचले नाही आणि त्यांनी तसे दाखवूनही दिले.

मेहतांच्या या मांडणीवरच पुढच्या दीडशे वर्षांची इमारत उभी आहे. समर्थ आयुक्त हा त्यांच्या सौद्याचा अर्धा भाग होता. दुसरा अर्धा भाग वारंवार गहाळ होत आला, आणि मुंबईच्या स्थानिक लोकशाहीचे खरे दुखणे तिथेच आहे.

1872 च्या कायद्याने 64 जणांची महापालिका आली. त्यांतले 32 करदात्यांनी निवडायचे, 16 जस्टिसांनी, उरलेले 16 सरकारने नेमायचे. मताचा हक्क वर्षाला किमान 50 रुपये कर भरणाऱ्यांना होता. म्हणजे शेठिया, मोठे व्यापारी, वकील. गिरणीत राबणारा, भंगीकाम करणारा, पाणी वाहणारा या शहराच्या हिशेबात कुठेच नव्हता.

त्याच काळात पुणे नगरपालिकेत सरकारनियुक्त सदस्य म्हणून बसलेले जोतीराव फुले नेमका हाच हिशेब विचारत होते. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतावर पैसे उधळायला त्यांनी विरोध केला. नव्या मंडईवर मोठी रक्कम खर्च करण्याऐवजी ती गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे होते. आज पुण्याची ती मंडई आणि मुंबईचे क्रॉफर्ड मार्केट, दोन्ही त्यांच्याच नावाने ओळखली जातात. नाव दिले हे चांगलेच झाले. त्यांचा मूळ प्रश्नही तिथे कुठेतरी लिहायला हवा होता.

1888 चा कायदा घडवताना मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी सरकारशी कलमाकलमावर झुंज दिली. सदस्य 72 झाले, त्यांतले निम्मे प्रभागांतून निवडलेले. आयुक्त सरकारनेच नेमायचा, पण 45 सदस्यांनी त्याच्याविरुद्ध मत दिले तर सरकारने त्याला परत बोलवायचे, हे कलम त्यात आले. योगायोग असा, की त्याच 1888 साली तिकडे पुण्यात महसूल आयुक्त झालेला क्रॉफर्ड मामलतदारांकडून पैसे घेतल्याच्या प्रकरणात निलंबित झाला आणि पुढे त्याची नोकरी गेली. ज्याला विचारणारा कोणी नसतो, त्या अधिकाराचे काय होते, याचा हा पुरावा कायदा घडवणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत होता.

कायद्याने जे दिले ते काढून घेण्याचे रस्ते सरकारने लवकरच शोधले. 1896 मध्ये प्लेग आला. दोन वर्षांनी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. वस्त्या पाडायच्या, नवे रस्ते काढायचे, जमिनी घ्यायच्या, हे सगळे या ट्रस्टने करायचे. महापालिकेने दरवर्षी पैसे द्यायचे आणि ट्रस्टवर अल्पसंख्य राहायचे. तो महापालिकेत विलीन व्हायला 1933 उजाडले.

मेहतांनाही हटवण्याचा घाट घातला गेला. 1907 मध्ये काही युरोपीय अधिकारी आणि संपादकांनी गट बांधला. जस्टिसांच्या 16 जागांच्या निवडणुकीत मेहता सतराव्या क्रमांकावर राहिले. पुढे निवडून आलेल्या एकाची निवड रद्द झाली आणि ते सभागृहात परतले.

मतदारांचा परीघ मात्र हळूहळू रुंदावला. 1922 च्या कायद्याने महिना 10 रुपये भाडे भरणारा भाडेकरू मतदार झाला, आणि 1948 ची निवडणूक प्रौढ मताधिकारावर झाली. चाळीतली बाई आणि बंगल्यातला शेठ यांचे मत एका मोलाचे ठरले.

राज्य आपले झाले तरी सरकारची सवय सुटली नाही. महानगर प्रदेशाच्या विकासासाठी एमएमआरडीए 1975 मध्ये आली, मग घरबांधणीसाठी म्हाडा, मग झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण. शहराचा चेहरा बदलणारे निर्णय इथे होतात आणि ही मंडळे महापालिकेच्या सभागृहाला उत्तरदायी नाहीत. 74 व्या घटनादुरुस्तीने मुदत संपण्याआधी निवडणूक घेणे बंधनकारक केले. तरीही मार्च 2022 मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि ओबीसी आरक्षण व प्रभागरचनेच्या वादांत निवडणूक लांबत गेली. आयुक्तच प्रशासक झाले. 2023, 2024 आणि 2025 यांपैकी प्रत्येक वर्षी अर्थसंकल्प मांडणारा आणि मंजूर करणारा अधिकारी एकच होता. 2025-26 चा आकडा 74 हजार कोटींच्या पुढे गेला. नळाला दाब नाही, गटार तुंबले, शाळेचे छप्पर गळते, ही तक्रार घेऊन लोक विभाग कार्यालयात जात आणि अर्ज देऊन परत येत. तीच तक्रार सभागृहात उभे राहून आयुक्ताला विचारणारा नगरसेवक उरला नव्हता.

मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या असे बजावले आणि 15 जानेवारी 2026 रोजी 227 जागांसाठी मतदान झाले. कायदा 1888 चाच आहे. आयुक्ताला परत बोलवण्याचे कलमही आहे, त्यासाठी आता पाच-अष्टमांश नगरसेवकांचे मत लागते. एमएमआरडीए, म्हाडा आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण त्या कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत, आणि प्रभागातल्या पुनर्वसनाच्या इमारतीत लिफ्ट बंद पडली तर ती कोणाच्या अखत्यारीत, हे शोधण्यातच नव्या नगरसेवकाचा अर्धा दिवस जातो.