हंगामाआधी बोनेट उघडा : घासलेली वायर आणि तापलेला पाइप ट्रॅक्टर पेटवू शकतो

ऊस वाहतूक सुरू झाली की ट्रॅक्टरला विसावा नसतो. आपण ऑइल बदलतो, टायर बघतो, ट्रॉलीची पिन बघतो. पण बोनेटखालून गेलेल्या वायरी आणि रबरी पाइप बंद पडेपर्यंत कोणी बघत नाही. गाडीला आग लागण्याची सुरुवात बऱ्याचदा तिथूनच होते.

माझाच अनुभव सांगतो. गेल्या हंगामात कारखान्याच्या रांगेत रात्री ट्रॅक्टर उभा होता. इंजिन बंद, तरी बोनेटमधून धूर. बॅटरीकडून स्टार्टरकडे जाणारी जाड केबल एका लोखंडी पट्टीच्या कडेवर घासून उघडी पडली होती. ड्रायव्हरने हुशारीने बॅटरीचं मायनस टर्मिनल ओढून काढलं म्हणून ट्रॅक्टर वाचला, मागं भरलेली ट्रॉली वाचली. केबल धरून ठेवणारी क्लिप महिनाभर आधीच तुटली होती. मला माहीत होतं. ‘बघू नंतर’ म्हणून राहिलं होतं.

ही केबल सगळ्यात धोक्याची का?

लाइटच्या, हॉर्नच्या वायरला फ्यूज असतो. शॉर्ट झाली तर फ्यूज उडतो. स्टार्टरच्या जाड केबलला मात्र बहुतेक ट्रॅक्टरमध्ये फ्यूज नसतो, कारण सेल्फ मारताना शेकडो अँपिअर करंट लागतो. ती बॉडीला टेकली की तेवढाच करंट बॉडीतून वाहतो आणि केबल लालबुंद होते. चावी बंद असली तरी ती चालूच असते. बॅटरी १२ व्होल्टचीच आहे, काय होतंय, असं समजू नका. शॉक बसणार नाही, पण आग लागेल.

नुकसान दोन गोष्टींनी होतं

पहिली घासण. इंजिन सतत थरथरतं. वायर पत्र्याच्या कडेला, बोल्टच्या डोक्याला किंवा दुसऱ्या पाइपला टेकली की रोज थोडी थोडी झिजते. दोन रबरी पाइप एकमेकांवर घासले तरी दोन्ही कापले जातात. पिकअप, टेम्पोत इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. ते चालू-बंद होताना हलतं, म्हणून तिथं वायर आणि पाइप ताणून बांधायचे नाहीत, थोडी ढील ठेवायची.

दुसरी उष्णता. लोडवर चालताना मॅनिफोल्ड आणि सायलेन्सर काहीशे अंशांपर्यंत तापतात. घरातली साधी पीव्हीसी वायर साधारण ७० अंशांपर्यंतच टिकते. म्हणून घरफिटिंगची उरलेली वायर ट्रॅक्टरला जोडू नका. गाडीसाठी मिळणारी, बारीक तारांची लवचिक वायर घ्या. एकाच जाड तारेची वायर थरथरीने आतून तुटते.

अर्ध्या तासात काय तपासायचं?

इंजिन थंड असताना बोनेट उघडा. आधी पाचट, भुसा, उंदराचं घरटं साफ करा. सायलेन्सरजवळ साचलेलं पाचट म्हणजे आयतं सरपण. उंदीर वायरीही कुरतडतात.

मग बॅटरीपासून सुरुवात करून प्रत्येक वायर हाताने चाचपत शेवटपर्यंत जा. जिथं चकाकी आली आहे, खाच पडली आहे, तांबं दिसतंय, तिथं घासण आहे.

रेडिएटरचे होज दाबून बघा. चिरा, फुगवटा, फार मऊ किंवा कडक झालेला भाग दिसला तर बदला. क्लॅम्पजवळ नीट बघा, जास्त आवळला तर तोच रबर कापतो. डिझेलच्या पाइपवर ओल किंवा धूळ चिकटलेली दिसली तर तिथं गळती आहे.

हायड्रॉलिक पाइपची गळती हात फिरवून शोधू नका. दाबाने आलेली बारीक धार कातडीतून आत घुसते. पुठ्ठा पुढे धरा. तेल अंगात घुसलंच तर जखम छोटी दिसली तरी लगेच मोठ्या दवाखान्यात जा.

दुरुस्ती कशी करायची?

• काम करताना बॅटरीचं मायनस टर्मिनल आधी काढा, शेवटी लावा. मायनस काढलेलं असलं की प्लसवरचा पाना बॉडीला लागला तरी ठिणगी पडत नाही.
• पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथं रबरी ग्रोमेट हवाच. फुटला असेल तर नवा टाका.
• वायरींवर गाडीच्या वायरिंगची खाचा असलेली प्लास्टिक नळी चढवा आणि क्लिपने बॉडीला धरा. केबल टाय चालतो, पण गरम भागाजवळ तो ठिसूळ होतो. तिथं रबर लावलेली लोखंडी क्लिप बरी.
• सायलेन्सरपासून निदान चार बोटं अंतर ठेवा. अंतर मिळत नसेल तर मध्ये पत्र्याचा तुकडा लावा, पण तो दोन्हीकडे टेकता कामा नये. मधली हवाच उष्णता अडवते.
• गरम जागेच्या बारीक वायरीला मोटर रिवायंडिंगच्या दुकानात मिळणारी फायबरग्लासची स्लीव्ह चालते. तिला घासण मात्र सोसत नाही, म्हणून नीट बांधा.
• तांबं उघडं पडलेली स्टार्टरची केबल टेप गुंडाळून चालवू नका. बदलाच.

हे जुगाड टाळा

साधी चिकटपट्टी तापली की डिंक सुटतो आणि पट्टी उलगडते. सायकलची ट्यूब गुंडाळली तर तेलाने फुगते, मऊ पडते. डिझेलला पाण्याची पारदर्शक नळी लावतात, ती कडक होऊन तडकते. डिझेलला डिझेलचाच पाइप आणि रेडिएटरला रेडिएटरचाच होज. फ्यूज उडतोय म्हणून तार किंवा चांदी गुंडाळू नका, तो का उडतो ते शोधा.

धूर दिसलाच तर?

इंजिन बंद करून खाली उतरा. हात पोचत असेल तरच मायनस काढा. बोनेट एकदम पूर्ण उघडू नका, हवा मिळून ज्वाळा वाढते. डिझेल पेटलं असेल तर पाणी मारू नका, कोरडी माती किंवा पावडरचं अग्निशामक सिलिंडर वापरा. आग वाढली तर ट्रॅक्टर सोडून लांब जा.

माझी तुटलेली क्लिप काही रुपयांची होती. हंगामात दर पंधरा दिवसांनी, सकाळी इंजिन गार असताना, एकदा बोनेट उघडून हात फिरवा. ड्रायव्हरलाही दाखवून ठेवा, कारण रात्री रांगेत तोच असतो.