गेटबॉल : मुलांचा खेळ ज्येष्ठांच्या मैदानात

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये रबराची एवढी टंचाई होती की मुलांना खेळायला साधे चेंडूही मिळेनात. होक्काइडो बेटावर लाकूड मात्र मुबलक. तेथील सुझुकी काझुनोबु यांनी १९४७ मध्ये युरोपातील क्रोके या खेळावरून लाकडी चेंडू आणि लांब दांड्याच्या हातोड्याने खेळायचा गेटबॉल तयार केला.

मुलांसाठी जन्मलेला हा खेळ १९७० च्या दशकात ज्येष्ठांच्या मंडळांनी आपलासा केला, आणि त्याचे खरे भाग्य तिथेच उजळले. पाच-पाच जणांचे दोन संघ, दहा क्रमांकित चेंडू, तीन कमानी, शेवटी एक खांब. सामना ३० मिनिटांचा. धावावे लागत नाही. पण चालणे, वाकणे, नेम धरणे आणि डाव आखणे सतत चालू राहते. शिवाय हा सांघिक खेळ आहे. एक गडी आला नाही तर बाकीच्यांचा खोळंबा होतो, म्हणून एकट्या राहणाऱ्या वृद्धालाही घराबाहेर पडावेच लागते. व्यायामाइतकेच मोल या सक्तीचे आहे.

पुढे चीन, कोरिया आणि जपानी वंशाची मोठी वस्ती असलेल्या ब्राझीलमध्येही गेटबॉल रुजला. जागतिक गेटबॉल संघटना १९८५ मध्ये स्थापन झाली.