प्रतिवादीची चार उत्तरे : पैठणच्या भट्टांचा ग्रंथ आणि इंग्रजी न्यायालय

१/ दावा दाखल झाल्यावर प्रतिवादीला किती प्रकारे उत्तर देता येते? धर्मशास्त्र म्हणते, चार. सतराव्या शतकात नीलकंठ भट्टांनी ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथात न्यायालयीन कामकाजाचे हे शास्त्र मांडले. इंग्लंडच्या जुन्या न्यायालयांतही जवळजवळ हीच उत्तरे चालत.

२/ भट्ट घराणे मूळचे पैठणचे. रामेश्वर भट्ट काशीस गेले. त्यांचे पुत्र नारायण भट्ट, नातू शंकर भट्ट, पणतू नीलकंठ. १६७४ च्या शिवराज्याभिषेकाचे गागाभट्ट याच घराण्यातले. त्यांचे वडील दिनकर भट्ट हे नीलकंठांचे चुलतभाऊ. ‘व्यवहारमयूख’ हा नीलकंठांच्या ‘भगवंतभास्कर’ या बारा मयूखांच्या महाग्रंथाचा एक भाग.

३/ शास्त्रात ‘व्यवहार’ म्हणजे खटला. त्याचे चार पाद: भाषा (वादीचे म्हणणे), उत्तर, क्रिया (पुरावा) आणि निर्णय. पुरावा तिसऱ्या पायरीवर येतो. आधी नेमका वाद कशाचा, हे ठरले पाहिजे.

४/ समजा, जालना एमआयडीसीतील एका कारखानदाराने सळयांच्या थकलेल्या पैशांसाठी व्यापाऱ्यावर दावा लावला. व्यापारी काय म्हणेल?
• ‘पैसे देणे आहे.’ ही संप्रतिपत्ती.
• ‘माल घेतलाच नाही.’ हे मिथ्या.
• ‘माल घेतला, पण पैसे चुकते केले.’ हे कारणोत्तर.
• ‘याच व्यवहाराचा निकाल पूर्वीच माझ्या बाजूने लागला आहे.’ हा प्राङ्न्याय.

५/ उत्तरावरून पुराव्याचा भार ठरतो. पहिल्या उत्तराने वादच संपतो. ‘मिथ्या’ म्हटले की वादीने सिद्ध करावे. उरलेल्या दोन्हींत भार प्रतिवादीवर. प्राङ्न्यायात त्याने पूर्वीचे जयपत्र दाखवावे. ‘घेतले नाही आणि फेडलेही’ अशी सरमिसळ सदोष मानली जाई.

६/ मध्ययुगीन इंग्लंडमध्ये वादीची कैफियत कायदेशीर फ्रेंच भाषेत तोंडी सांगितली जाई. तिचे तयार नमुने देणाऱ्या पुस्तिका वकील बाळगत; चौदाव्या शतकातील ‘नोव्हे नॅरेशनेस’ ही त्यांतलीच. तोंडी युक्तिवाद इंग्रजीत करावा, असा कायदा १३६२ साली झाला.

७/ तेथे सरळ नकाराला ‘ट्रॅव्हर्स’ म्हणत. आरोपातील घटना कबूल करून नवे कारण पुढे करणे म्हणजे ‘कन्फेशन अँड अव्हॉइडन्स’. हेच आपले कारणोत्तर. पूर्वीच्या निकालाचाही आधार घेता येई. एकाच उत्तरात दोन बचाव कोंबणे हा तेथेही दोष. दोन्ही परंपरांचा उगम वेगळा, पण अडचण एकच होती: ऐकणाऱ्याने नेमके काय तपासावे?

८/ १८२७ साली हॅरी बोराडेल यांनी ‘व्यवहारमयूखा’चे इंग्रजी भाषांतर केले. पुढे गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकणात वारसा व दत्तक यांबाबत ब्रिटिश न्यायालयांनी या ग्रंथाला मोठे प्रामाण्य दिले. कामकाज मात्र सरकारी नियमांनी आणि १८५९ पासून दिवाणी प्रक्रिया संहितेने चालू लागले. मयूखाचे दायविभागाचे पान कोर्टात राहिले. उत्तराचे पान पंडितांकडे गेले. १९२६ साली पां. वा. काणे यांनी ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती काढली.

९/ जालना तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. भारताची १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता तेथे १९५१ साली लागू झाली.

१०/ त्या संहितेचा आदेश ८ सांगतो: आरोप नेमकेपणाने नाकारा, न नाकारलेला आरोप सामान्यतः कबूल धरला जाईल. कलम ११ सांगते: ज्याचा निकाल लागला, तो वाद पुन्हा चालणार नाही. ही वाट इंग्लंडहून आली. पण जालन्याच्या दिवाणी न्यायालयात ‘माल घेतला, पैसे दिले’ असे लेखी उत्तर देणाऱ्याला आजही पावती दाखवावी लागते. आणि नीलकंठ भट्टांनीही त्याच्याकडे तीच मागितली असती.