दादर-माटुंगा: मुंबईच्या आधुनिक निवासी वास्तुकलेचा उपेक्षित अध्याय

मुंबईतील आर्ट डेको वास्तुकलेची चर्चा बहुधा मरीन ड्राइव्ह व ओव्हल मैदान यांपाशीच थांबते. २०१८ मध्ये युनेस्कोची जागतिक वारसा मान्यताही दक्षिण मुंबईतील याच परिसराला मिळाली. तथापि, मध्यमवर्गीयांच्या आधुनिक घराचा इतिहास जाणून घ्यावयाचा असल्यास पर्यटकांची गर्दी मागे ठेवून किंग्ज सर्कल, पाच उद्याने, हिंदू कॉलनी ते शिवाजी पार्क हा दीर्घ मार्ग पायी चालणे अधिक उद्बोधक ठरते.

१८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंगा भागात रुंद रस्ते व मोकळ्या जागा असलेली वसाहत आखली. १९३० नंतर येथे सिमेंट काँक्रीटच्या बुटक्या इमारती मोठ्या संख्येने उभ्या राहिल्या. गोलाई दिलेल्या गॅलऱ्या, जिन्याचा उभा पट्टा, नक्षीदार लोखंडी जाळ्या ही त्यांची दर्शनी वैशिष्ट्ये होत. खिडक्यांवरील सलग छज्जे ऊन-पाऊस अडवितात; म्हणजेच ही शैली केवळ पाश्चात्त्य अनुकरण नव्हती.

अधिक मूलगामी बदल मात्र दाराआड घडला. चाळीत सामाईक असलेले शौचालय येथे घरात आले. ‘ब्लॉक’मधील कुटुंबाला खाजगीपणा लाभला, चाळीच्या व्हरांड्यातील सहजीवन मात्र ओसरले.

सारांश, पुनर्विकासात यांपैकी अनेक इमारती पाडल्या जात आहेत. सर्वच वाचविणे शक्य नसले, तरी पाडण्यापूर्वी त्यांचे नकाशे, छायाचित्रे व रहिवाशांच्या आठवणी नोंदविणे हे स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांचे तातडीचे कर्तव्य आहे.