शाळेच्या वाटेचा इतिहास

शाळांचे इतिहास पुष्कळ लिहिले गेलेत, शाळेच्या वाटेचा मात्र कुणी लिहीत नाही. खरं तर पुण्यातल्या मुलींच्या शिक्षणाची सगळ्यात ठळक आठवण रस्त्यावरचीच आहे. १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. तिथे चालत जाताना लोक शेण-चिखल फेकायचे, म्हणून सावित्रीबाई जादा लुगडं बरोबर न्यायच्या, असं सांगतात.

आपल्या सोसायटीतली बरीच घरं मूळची भोंगवली आणि आसपासच्या गावांतली, म्हणून आधी तिकडचं सांगतो. १९४८ पर्यंत आपला मुलूख पंतसचिवांच्या भोर संस्थानात होता. त्या काळी लहान गावात शाळा असलीच तर चौथीपर्यंत, तीही बऱ्याचदा देवळात नाहीतर चावडीत. पुढं शिकायचं तर मोठ्या गावाची वाट धरायची. एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली, पण वाड्या-वस्त्यांपर्यंत यष्टी पोचायला पुढं कित्येक वर्षं गेली. तोवर पायच. वाडीतली दहा-बारा पोरं एकत्र निघायची, मोठं पोरगं पुढं, लहानी मधे. पावसाळ्यात पोत्याची खोळ नाहीतर इरलं. ओढ्याला पाणी आलं की शाळा बुडाली, त्याचं कुणाला वाईटही वाटायचं नाही! पण मुलींचं निराळं होतं. शाळा गावात आहे तोवर मुलगी शिकायची आणि शाळा लांब गेली की घरी बसायची. आपल्या आजीपिढीतल्या कितीतरी जणी हुशार असूनही चौथीवर थांबल्या, त्याला हे अंतर मोठं कारण होतं.

पुढं सरकारनेही हे अंतर मोजलं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानंतर महाराष्ट्राच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची ३ किलोमीटरच्या आत असावी, असं आलं. म्हणजे लहान मूल किती चालू शकतं, हेच माप. २०२३ मध्ये मात्र उलटा विचार निघाला. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायच्या आणि मुलांना गाडीने न्यायचं. अशा शाळा राज्यात सुमारे १५ हजार. नमुना म्हणून नंदुरबारचं तोरणमाळ आणि आपल्या शेजारच्या वेल्ह्यातलं पानशेत यांची नावं होती. मोठ्या शाळेत शिक्षक, खेळ, प्रयोगशाळा चांगल्या मिळतात, हे खरं आहे. पण ज्या दिवशी गाडी येत नाही त्या दिवशी वस्तीवरच्या मुलीचं काय, हा आजीच्या वेळचाच प्रश्न आहे.

आता सायकल. पुणे म्हणजे सायकलींचं शहर, हे जुने लोक उगाच सांगत नाहीत. सकाळी खडकीच्या कारखान्याकडे सायकलींची रांग लागायची. सायकलीवर टॅक्स होता. तो भरला की पत्र्याचा बिल्ला मिळायचा, तो नसला की पोलीस धरायचा. रात्री दिवा नाही, किंवा डबलसीट, तरी पावती. (आज हेल्मेट नसलेल्यांना पावतीचा जेवढा राग येतो, तेवढाच तेव्हा यायचा.) तासावर भाड्याने सायकल मिळायची. मोठी सायकल, लहान पोरं, मग नळीखालून पाय घालून हाफ पायडल. गावाकडून शिकायला आलेल्या मुलाला खोलीनंतर पहिली गरज सायकलीची.

आणि मुलींना तर सायकलीने फार दिलं. बिहारमध्ये २००६ पासून नववीच्या मुलींना सायकली दिल्या. अभ्यासकांनी मोजलं तेव्हा माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण सुमारे तीस टक्क्यांनी वाढलं होतं. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात.

मग शहरातली सायकल गेली कुठे? १९७२ मध्ये लुना आणि चेतक आल्या, पुढे कायनेटिक होंडा आली, नव्वदनंतर चारचाकी. शाळाही जवळची म्हणून निवडायची राहिली नाही, माध्यम आणि बोर्ड बघून निवडायची झाली. रस्ता धोक्याचा म्हणून मुलांना गाडीत बसवलं, आणि त्या गाड्यांनी रस्ता आणखी धोक्याचा झाला. २०११ मध्ये स्कूलबससाठी राज्याने वेगळे नियम केले, ते बरंच झालं. चालणाऱ्या पोराला मात्र अजून धड फुटपाथ नाही. गावाकडंही तेच. कापूरहोळ, किकवी, सारोळा, सगळी हायवेवरची गावं. तिथं शाळेची वाट म्हणजे आधी हायवे ओलांडायचा.

हॉलंडमध्ये सगळे सायकलीवर म्हणून आपण कौतुक करतो. पण तिथेही १९७१ साली रस्त्यावर सुमारे ३,३०० माणसं गेली, त्यात चारशेहून जास्त मुलं होती. त्यानंतर आईबाप रस्त्यावर उतरले, तेव्हा रस्ते बदलले. ते काही जन्मजात शहाणे नव्हते.

आता आपल्या गेटबद्दल. पंचवीस वर्षांपूर्वी इथली बहुतेक मुलं चालत किंवा सायकलीने जायची. आज सकाळी सातला गेटवर तीन व्हॅन, रिक्षा आणि स्कूटर अशा अडकतात की दूधवाल्याला आत येता येत नाही. यातली निम्मी मुलं पंधरा मिनिटं चालायच्या अंतरावर जातात. येत्या सर्वसाधारण सभेत सायकल स्टँड काढून दोन चारचाकींची जागा करण्याचा विषय आहे. माझा त्याला विरोध आहे, आणि तो मी सभेतही मांडणार आहे. स्टँडमध्ये आज अकरा सायकली आहेत, त्यातल्या सातांत हवा नाही, हे कबूल. पण स्टँड गेला की बारावी सायकल कुणी घेणारच नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर जवळच्या शाळेची मुलं गेटवरून एकत्र चालत न्यायची, वाडीतल्यासारखी मोठं पोर पुढं ठेवून, असं काही जणांनी ठरवलंय. चौकापाशी मोठं माणूस हवं. आतापर्यंत दोन आज्या आणि एक रिटायर पोस्टमन तयार आहेत. आठवड्यातला एक दिवस ज्यांना जमेल, त्यांनी सेक्रेटरींकडे नाव द्यावं.