तलफ हुकमाने जात नाही

द्वारका चौकातून पुणे रस्त्याला लागलात की पुढे सिन्नर येते, विड्यांसाठी ओळखले गेलेले गाव. पण तंबाखू मुळात आपली नव्हे, ती पोर्तुगीजांनी आणली. १६०४ च्या सुमारास असद बेगने ती विजापूरहून अकबराच्या दरबारात नेली, तेव्हा हकिमांनी विरोध केला होता. १६१७ मध्ये जहांगीरने बंदी घातली. तीही टिकली नाही.

कारण तलफ म्हणजे मनाचा दुबळेपणा नव्हे. धुरातले निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोहोचते आणि मेंदूला त्याची सवय लागते. ते मिळाले नाही की चिडचिड होते, झोप बिघडते.

यावर उतारा सुचला तो पाणबुडीमुळे. स्वीडनच्या पाणबुड्यांत धूम्रपान करता येत नसे, म्हणून नौसैनिक तंबाखू तोंडात धरत. १९६७ मध्ये ही गोष्ट उवे फर्नो यांना कळली आणि त्यातून निकोटिनचे च्युइंग गम तयार झाले.

तुम्ही नुकतीच सिगारेट सोडली असेल तर एवढे लक्षात ठेवा. एक तलफ साधारण पाच-दहा मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ घोट घोट पाणी प्या, चार पावले चाला. टपरीवरचा चहा काही दिवस टाळा. पहिला आठवडा सर्वांत जड जातो. तीन-चार आठवड्यांत बराचसा त्रास कमी होतो. गम घ्यायचे का, हे डॉक्टरांना विचारा. १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावरही सल्ला मिळतो.

चुकून एखादी ओढली गेलीच, तर पाकीट संपवू नका. तिथेच थांबा.